दिंद्रुडच्या विहिरीवरचं इटालियन इंजिन

अण्णा म्हणाले, "तिथं आता काही राहिलं नसेल, जाऊ नकोस," आणि माझं जायचं पक्कं झालं. आमच्या घरात सल्ल्याचा उपयोग असाच होतो.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं. भोसरीत माझं गॅरेज आहे, जुन्या गाड्या पूर्ववत करायचा धंदा. अण्णा म्हणजे माझे वडील. वय सहासष्ट, हाडाचे मिस्तरी, मला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. सहा वर्षांपूर्वी नगरच्या एका भंगारवाल्याकडे मला एका इटालियन कूपेचा सांगाडा मिळाला. दोन दारं, लांब नाक, मागे उतरत गेलेलं छप्पर. अशा गाड्या आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतक्या असतील. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या दहा दलाल दारात उभे राहतील. सांगाडा टेम्पोतून उतरवला, तेव्हा अण्णांनी दाराच्या कडेवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "अरे, ही तर बुटकी."

बुटकी हे गावानं ठेवलेलं नाव. माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडजवळ एक रावसाहेब होते. मुंबईत शिकलेले, शौकीन. मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी अधिकाऱ्याकडून त्यांनी ही गाडी घेतली होती. बाविशीतले अण्णा त्यांच्या शेतावर इंजिनं सांभाळायला होते. मग बहात्तरचा दुष्काळ पडला आणि बुटकीचं इंजिन काढून एका विहिरीवर बसवलं गेलं. अण्णा एवढंच सांगायचे. पुढचं विचारलं की चहा मागायचे.

गाड्या जमवणाऱ्यांच्या जगात एक गोष्ट फार कडक पाळतात. इंजिनावर कोरलेला क्रमांक आणि कागदोपत्री असलेला क्रमांक एकच असेल तर गाडी 'मूळ'. नसेल तर ती कितीही चकचकीत करा, नुसती शोभेची. सहा वर्षं मी या गाडीचा एकेक स्क्रू हुडकला होता, दारांच्या रबरासाठी तीन देशांत पत्रं धाडली होती. हिच्यात दुसऱ्याचं काळीज बसवायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात पिकअपमध्ये जड वजन उचलायचा चेन-ब्लॉक, दोर, ताडपत्री आणि वीस लिटर पाणी टाकलं. सकाळी साडेपाचला बघते तर अण्णा आधीच पुढच्या सीटवर बसलेले. जाऊ नकोस म्हणणारा माणूस डोक्याला टोपी आणि हातात हत्यारांची पिशवी घेऊन तयार होता.

पहिला दिवस: भोसरी ते बीड

नगरपर्यंत रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, चौपदरी आहे आणि कंटाळवाणा आहे. नगर सोडून कडा गावाच्या दिशेनं लागलात की रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंची जमीन एका रंगाची होत जाते. हा सलग तिसरा कोरडा उन्हाळा. आष्टीला चहाला थांबलो. बाजाराचा दिवस असूनही टपरीवर गर्दी नव्हती. नुकत्याच ऊसतोडीहून परतलेल्या एका जोडप्याचं बिऱ्हाड शेजारीच उतरलं होतं, कोयते पोत्यात गुंडाळलेले. मी त्या बाईंना विचारलं, यंदा लवकर परत आलात? त्या म्हणाल्या की कारखानाच लवकर बंद झाला, उसालाच पाणी नव्हतं. मग माझ्या चेन-ब्लॉककडे बघून त्यांनी विचारलं, "कुणाची हीर काढताय?" म्हणजे विहीर खोदायला निघालात का. मी म्हटलं, इंजिन आणायला चाललेय. त्यांना ते काही फारसं महत्त्वाचं वाटलं नाही.

जामखेड, पाटोदा करत मांजरसुंब्याच्या घाटात दुपार झाली. घाट छोटा आहे, पण वळणांवर ट्रक अंगावर येतात, तेव्हा हॉर्नचा संकोच नको. घाटाखाली एका साध्या हॉटेलात बाजरीची भाकरी, शेंगांची चटणी आणि पातळ पिठलं मिळालं. भाकरी वाटेल तेवढी घ्या, पाण्याचा तांब्या मात्र मागितल्यावरच येतो. बीडला बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये मुक्काम केला. खोली सहाशे रुपये, स्वच्छ, अंघोळीला एक बादली आणि ती जपून वापरा असं मालकानं हात जोडून सांगितलं. अण्णा दिवसभरात दहा वाक्यं बोलले असतील, त्यातली सात गियर बदलण्याबद्दल होती.

दुसरा दिवस: पाकीट

बीडहून वडवणी, तेलगाव, मग दिंद्रुड. दोन तास धरा, वाटेत टँकरच्या रांगा लागतात. दिंद्रुड मोठं गाव आहे, पंक्चर काढण्यापासून कापडदुकानापर्यंत सगळं मिळतं, डिझेल इथेच भरून घ्या. तिथून तीनएक किलोमीटर कच्च्या वाटेनं एका वस्तीवर पोचलो. विहीर दुरूनच ओळखू आली, कारण तिच्या काठावर यारी उभी होती. यारी म्हणजे विहिरीतला दगड-गाळ वर ओढायचं यंत्र, लोखंडी हात आणि त्याला दोरावर लटकणारी बकेट. विहिरीतला गाळ काढायचं काम चालू होतं.

आणि विहिरीच्या दुसऱ्या अंगाला, चार पत्र्यांच्या छपराखाली, दगडी चौथऱ्यावर ते होतं. तांबडंलाल. ऑइलपेंटचे इतके थर की कडा गोल झालेल्या. वर वाळलेला झेंडूचा हार. मी आयुष्यात बरीच इंजिनं पाहिली आहेत, पण त्याच्या वरच्या झाकणाचा आकार पाहिला आणि मी पिकअपचं दार उघडंच टाकून चौथऱ्यापाशी गेले. सहा वर्षं मी ज्याची चित्रं पाहत होते ते माझ्यापुढे होतं. मागे वळून अण्णांना हाक मारली तर ते पिकअपमधून उतरलेलेच नव्हते.

विहीर एका उपसा सिंचन सोसायटीची, सभासद तीस-बत्तीस घरं. अध्यक्ष सुभद्राबाई. साठी ओलांडलेल्या, कपाळावर मोठं गोंदण, आवाज असा की यारीचं इंजिन चालू असताना विहिरीच्या तळाला ऐकू जावा. मी त्यांना सगळं सांगितलं, गाडीचा फोटो दाखवला आणि मग शहाण्यासारखं बॅगेतून पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. तिथे माझं चुकलं. सुभद्राबाईंनी पाकिटाला हातसुद्धा लावला नाही. शेजारी यारीचा दांडा धरून उभा असलेला दत्तू नावाचा सभासद हसला. म्हणाला, "मुंबईचा एक जण गेल्या साली आलता. त्याचं पाकीट ह्याच्याहून जाड होतं."

सुभद्राबाईंनी मला बसवलं आणि समजावलं. त्या दुष्काळात रावसाहेबांची बैलं चाऱ्यावाचून गेली. पुढं पेरणीला सगळ्या वस्तीनं आपापली उरलीसुरली बैलं जुंपून त्यांचं रान पेरून दिलं. सावडीनं. सावड म्हणजे आज तुझ्या रानात मी राबायचं, उद्या माझ्या रानात तू, मधे पैशाचं नाव नाही. नंतर सोसायटीचं डिझेल इंजिन जाम झालं आणि सुटा भाग कुठं मिळेना, तेव्हा आपली सावड फेडायला रावसाहेबांनी गाडीचं इंजिन काढून दिलं. दोन उन्हाळे त्यानं पाणी ओढलं, माणसांना आणि जनावरांना. पुढे वीज आली, मोटर बसली. इंजिन मात्र चौथऱ्यावरच राहिलं, आणि दर खंडेनवमीला त्याची पूजा होऊन त्याला रंगाचा एक हात मिळत गेला.

"ते सावडीनं आलंय," सुभद्राबाई म्हणाल्या. "जायचं असंल तर सावडीनंच जाईल. इकत न्हाई आमी."

मी विचारलं, किती सावड? त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं. घरटी तीन पाळ्या लावल्या होत्या, तीन दिवस प्रत्येक घरातून एक माणूस गाळात. मी म्हटलं, मग मी तीन पाळ्या करते. दत्तू परत हसला. त्याचं हसणं मला अजिबात आवडलं नाही आणि त्याच रागात मी पदर खोचला, म्हणजे ओढणी.

एवढ्यात सुभद्राबाईंचं लक्ष पिकअपकडे गेलं. त्या उठून तिथवर गेल्या, काचेत वाकून पाहिलं. "मिस्तरी न्हवं का तुमी?" अण्णांनी नुसती मान हलवली. "मग खाली कावून उतरंना?"

अण्णा उतरले. चौथऱ्याकडे न बघता थेट यारीकडे गेले आणि तिच्या दातेरी चाकाला ग्रीस किती दिवसांत लावलं नाही यावरून दत्तूला झापायला लागले.

तिसरा आणि चौथा दिवस: गाळ

प्रवासवर्णनात लोक किल्ले आणि सूर्यास्त लिहितात. माझ्याकडे पन्नास फूट खोल एक विहीर आहे. बकेटमध्ये उभं राहून खाली उतरायचं, एक हात दोरावर, डोळे समोरच्या दगडावर. खाली बघू नका. तळाशी गुडघाभर काळा चिकट गाळ, त्यात जुन्या चपला, फुटकी मडकी, एक पितळी घंटा. आम्ही पाच बायका आणि चार पुरुष. टोपली भरायची, हातोहात बकेटपर्यंत द्यायची, बकेट वर गेली की तेवढाच वेळ कंबर सरळ. पहिल्या पाळीच्या शेवटी माझ्या तळहातांना फोड आले. गॅरेजात वीस वर्षं काढलेली बाई मी, मला वाटायचं माझे हात घट्ट आहेत.

जेवण वरच, लिंबाखाली. कुणाच्या घरून काय येईल ते सगळ्यांचं. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, ठेचा. तिथे मी त्यांच्या ऊसतोडीच्या गोष्टी ऐकल्या, कोण कुठल्या कारखान्यावर गेलतं, कुणाच्या मुकादमानं फसवलं. छावणीत ठेवलेल्या जनावरांची नावं घेऊन त्यांची खुशाली विचारली जायची. मला कुणी फार विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मी फक्त 'पाव्हणी' होते, चौथ्या दिवशी टोपली हळू आली म्हणून शिव्या बसल्या, तेव्हा बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी यारीचं दातेरी चाक तुटलं. बकेट अर्ध्यात, आम्ही खाली. वरून अण्णांचा आवाज आला, कुणी घाबरू नका, बकेटखाली उभं राहू नका. तासभर वर ठोकाठोक ऐकू येत होती. नंतर कळलं की अण्णांनी भंगारातल्या मळणी यंत्राचं चाक काढून, कानशीनं घासून बसवलं. बकेट वर गेली तेव्हा दत्तूनं खाली ओरडून सांगितलं, "मिस्तरीचा हात अजून त्योच हाय." त्या दिवसानंतर तो माझ्याकडे बघून हसला नाही.

अण्णा मात्र दिवसेंदिवस मिटत चालले होते. माणसं भेटायला येत, तुमी आमचं पाणी चालू केलतं म्हणत, पाया पडत. अण्णा अवघडून पाय मागे घेत. रात्री सुभद्राबाईंच्या अंगणात मी विचारलं, एवढं मानतात तुम्हाला, मग तोंड का पाडून बसलात? ते म्हणाले, "झोप आता. उद्या तुझी पाळी आहे."

पाचवा दिवस: क्रमांक

शेवटची पाळी दुपारी संपली. तळाच्या एका कोपऱ्यातून झरा पाझरायला लागला होता. फार नाही, पाऊल भिजेल एवढा. तरी वर येताना सगळ्यांनी त्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावली, मीही लावली.

लिंबाखाली सभा भरली. सुभद्राबाईंनी विचारलं, पाव्हणीची सावड पुरी झाली का? तीस हात वर गेले. दत्तूचा हात पहिला होता. अट एकच घातली, खंडेनवमीला इंजिनाला तांबड्या रंगाचा हात चुकवायचा नाही. मी कबूल केलं.

मी रंग काढायचं द्रावण आणि खरवडायची पत्री घेऊन चौथऱ्यावर चढले. क्रमांक कुठे असतो ते मला तोंडपाठ होतं, मागच्या अंगाला, गुळगुळीत घासलेल्या पट्टीवर. सगळी वस्ती भोवती उभी. थर निघत गेले, तांबडा, गडद तांबडा, एका साली बहुतेक रंग मिळाला नसावा म्हणून हिरवा. मग धातू लागला. पहिले दोन अंक दिसले, आणि त्यापुढे एक बोल्ट. अर्ध्या इंचाचा, षटकोनी डोक्याचा, गंजलेला बोल्ट. क्रमांकाच्या बरोबर मधून आरपार भोक पाडून तो मारलेला होता. पलीकडे शेवटचा एक अंक उरला होता, बाकी सगळे त्या भोकात गेले होते.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी येण्याइतका आला. सहा वर्षं, तीन दिवसांचा गाळ, आणि कुणा अडाण्यानं नेमका तिथेच ड्रिल लावावा. मी मोठ्यानं विचारलंसुद्धा, कुणाचं हे काम?

"माझं," अण्णा म्हणाले.

ते चौथऱ्याच्या खाली उभे होते, टोपी हातात. मग मला न सांगितलेली चव्वेचाळीस वर्षं त्यांनी थोडक्यात सांगितली. इंजिन गाडीतलं, चौथऱ्यावर बसवलेलं. हादऱ्यानं फ्रेम दोनदा तुटली, दुसऱ्यांदा पट्टा सुटून एका माणसाचा हात जाता जाता वाचला. इंजिनाला जाड, सपाट, पकड घेईल अशी एकच जागा होती, ती क्रमांकाची. रावसाहेब म्हणाले होते, मार. "मला माहीत होतं तो काय असतो ते," अण्णा म्हणाले. "परक्या देशातल्या मिस्तरीनं हातानं ठोकलेले आकडे. त्याचं नाव पुसल्यासारखं वाटलं. म्हणून आधी पाठ केला, मग भोक पाडलं."

आणि त्यांनी तो म्हटला. मुलं पाढा म्हणतात तसा, न थांबता, सगळेच्या सगळे आकडे.

गाडीचं जुनं नोंदणीपुस्तक माझ्या बॅगेत प्लास्टिकमध्ये होतं. ते मला भंगारवाल्यानं वेगळं दिलं होतं आणि मी कपाटात कुलपात ठेवलं होतं, अण्णांनी ते कधी मागितलं नव्हतं. मी ते उघडून एकेक अंकावर बोट ठेवत गेले आणि त्यांना परत म्हणायला लावलं. एकही चुकला नाही.

सुभद्राबाईंना हे आकड्यांचं प्रकरण फारसं कळलं नसावं. त्या एवढंच म्हणाल्या, "भोक पाडताना इंजन मी बी धरलं होतं. नवी नवरी होते. मिस्तरी रडत होते, आमाला वाटलं डोळ्यात चुरा गेला."

चेन-ब्लॉकनं इंजिन उचललं, दहा जणांनी पिकअपमध्ये ठेवलं. बोल्ट मी काढला नाही.

परत

येताना माजलगाव, गेवराई, शेवगाव असा रस्ता धरला. गेवराईच्या पुढे-मागे हायवेवर वाळूच्या गाड्या बेफाम असतात, तिथे पुढे काढायची घाई करू नका, आणि माल बांधलेला असेल तर दर तासाला दोर तपासा. अण्णा वाटभर बोलत होते. रावसाहेब गाडीत पाय कसे दुमडून बसत, बुटकी पहिल्यांदा वस्तीवर आली तेव्हा बैल कसे बुजले, रॉकेलवर चालवताना इंजिन कसं खोकायचं. हे सगळं इतकी वर्षं कुठे दडवलं होतं कोण जाणे. नगरजवळ उसाचा रस प्यायलो तेव्हा त्यांनी दुसरा ग्लास मागितला.

पुढचे पाच महिने इंजिनात गेले, त्याबद्दल तांत्रिक माहिती हवी असेल तर जुन्या नोंदी चाळा. मधल्या काळात एका जाणकारानं मला खासगीत सुचवलं की भोक वितळवून भरून घ्यायचं आणि वर अंक नव्यानं ठोकायचे, कुणाला कळत नाही, पुष्कळ जण करतात. मला अंक ठोकता येतात. संच गॅरेजातच आहे. एक संध्याकाळ मी तो संच टेबलावर काढून ठेवला होता, हे कबूल करते. मग परत डब्यात घातला. खंडेनवमीला घासूनपुसून लख्ख केलेल्या त्या इंजिनावर मी बोटानं तांबडा रंग लावला, फक्त बोल्टाच्या डोक्यावर.

हिवाळ्यात गाड्यांच्या एका मेळाव्यात बुटकी पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर गेली. तपासनीस भला माणूस होता. त्यानं बॉनेट उघडलं, क्रमांकाची जागा पाहिली, मान हलवली आणि 'मूळ' या वर्गातून आमचं नाव खोडलं. नियमाप्रमाणे बरोबरच होतं, मी वाद घातला नाही. वाईट वाटलं, ते गाडी पार्किंगला लावेपर्यंत टिकलं.

तपासनीस तरी घुटमळला. एवढ्या सुंदर कामात हा तांबडा बोल्ट कसला, असं त्यानं मला विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर अण्णा शेजारच्या सीटवरून उतरले होते. टोपी नीट केली, चार माणसांना बाजूला सारून पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तो मी मारलाय."